पिग्मी हॉगचे वर्ष : जीवनक्रम तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

काम ठरले. जगातल्या सर्वांत लहान रानडुकराचा, म्हणजे आसामच्या पिग्मी हॉगचा, माजापासून मरणापर्यंतचा तक्ता मराठीत करायचा. दोन भाग: भिंतीवर लावायचा बारा महिन्यांचा तक्ता, आणि त्यामागचा हिशेब दाखवणारी एक्सेलची शीट. तक्ता शाळा-कॉलेजांसाठी. शीट मात्र आकडे बदलून पाहणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे प्रत्येक गृहीतक वेगळ्या रकान्यात आणि पिवळ्या रंगात.

नावाचा निर्णय: ‘बुटके डुक्कर’, ‘खुजे रानडुक्कर’ असे काही लिहायचे नाही. आपल्याकडच्या रानडुकराची ही छोटी जात आहे, असा समज त्याने होतो, आणि तो चुकीचा आहे. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक ब्रायन हॉजसनने 1847 मध्ये याला पोर्क्युला साल्व्हानिया हे नाव दिले. पुढे बराच काळ त्याला रानडुकराच्या सस वंशात बसवले होते. 2007 मधल्या जनुकीय अभ्यासाने पोर्क्युला हा स्वतंत्र वंश पुन्हा उभा केला, आणि त्या वंशात हा एकटाच आहे. तक्त्यावर ‘पिग्मी हॉग’, खाली आसामी ‘नल गाहरि’ आणि बोडो ‘ओमा थाकरी’. नल म्हणजे बोरूसारखे उंच गवत. प्राणी कुठे राहतो ते आसामी नावातच आले आहे.

9 जानेवारी

मापे भरली. वजन 6.6 ते 9.7 किलो, नर मादीपेक्षा भारी. खांद्यापाशी उंची सुमारे 25 सेंमी, म्हणजे घरातल्या मांजराएवढी. शेपूट जेमतेम अडीच सेंमी. प्रौढ नराच्या वरच्या सुळ्यांचे टोक ओठाबाहेर थोडेसे दिसते. मादीला सडांच्या फक्त तीन जोड्या.

हा शेवटचा आकडा तक्त्यात ठळक छापायचा. एका वेतात 2 ते 6 पिल्ले होतात, बहुधा 3 किंवा 4. सड सहा, पिल्ले जास्तीत जास्त सहा. डुकराचे पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात आपला सड धरते आणि पुढे त्यालाच लुचते. सहाच्या वरच्या पिल्लाला या मादीकडे जागाच नाही. म्हणून ‘डुकरीण आहे, दहा-बारा पिल्ले घालेल’ हा पाळीव डुकरावरून आलेला अंदाज इथे लावायचा नाही.

जन्मवजन 150 ते 200 ग्रॅम. मादी साडेसात किलोची धरली आणि पिल्लू 175 ग्रॅमचे, तर एक पिल्लू आईच्या वजनाच्या 2.3 टक्के भरते. दोनशे किलोच्या पाळीव डुकरिणीचे पिल्लू दीड किलोचे असले तरी एक टक्क्याच्या आतच राहते. चार पिल्लांचे वेत 700 ग्रॅम, म्हणजे आईच्या वजनाच्या नऊ टक्क्यांहून थोडे अधिक. लहान अंगाच्या मादीवर गाभणपणाचा आणि दुधाचा भार किती पडतो हे या एका गुणोत्तरातून कळते, म्हणून ते चित्रासोबत द्यायचे.

13 जानेवारी

पिल्लाच्या चित्राचा पहिला खर्डा परत पाठवला. चित्रात नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर ठसठशीत पट्टे काढले होते. रानडुकराचे पिल्लू पट्टे घेऊनच जन्मते, पिग्मी हॉगचे तसे नाही. जन्मताना रंग करडा-गुलाबी असतो. पुढे तपकिरी केस येतात आणि त्यांवर फिकट पिवळसर लांबट पट्टे साधारण अकराव्या दिवसापर्यंत दिसू लागतात. आता दोन चित्रे: पहिला दिवस आणि बारावा दिवस. प्रौढाचा रंग काळपट तपकिरी.

घरट्याचे चित्रही बदलायला लावले. पहिल्या खर्ड्यात गवताचा नुसता ढीग होता. खरी रचना अशी: नाकाडाने आणि पुढच्या पायांनी जमिनीत उथळ खळगा उकरायचा, तोंडाने गवत तोडून तळाशी अंथरायचे, मग भोवतीचे उभे गवत वाकवून वर आणखी गवत घालून छप्पर करायचे. बाहेरून ते शाकारलेल्या खोपटाच्या माथ्यासारखे दिसते. नर आणि मादी दोघेही घरटी करतात आणि वर्षभर वापरतात, रात्री झोपायला आणि दुपारच्या उन्हात पडून राहायला. इतर रानडुकरांच्या माद्या मुख्यतः विण्यापुरते घरटे करतात. पिग्मी हॉगची गोष्ट वेगळी आहे.

पिल्लांसाठी घरटे का लागते, त्याचे कारण तक्त्यात दोन ओळींत द्यायचे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या नवजात पिल्लांकडे अंगातच ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी असते. डुकरांच्या कुळात ती ऊब पेटवणारे जनुक निकामी झालेले आहे. पिल्लाला कुडकुडून, एकमेकांना चिकटून आणि आईच्या अंगाला लागूनच गरम राहावे लागते. त्यात 175 ग्रॅमचे अंग: वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, ऊब लवकर निघून जाते. वैशाखातल्या आसामच्या पावसात भिजलेले पिल्लू गारठायला वेळ लागत नाही. पाळीव डुकरांच्या गोठ्यात पहिल्या दिवसांत पिल्लांच्या कोपऱ्यात 32 ते 34 अंश ऊब ठेवावी लागते. रानात ती जबाबदारी गवतावर असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट झाली आणि पुढच्या सगळ्या कामाचा रोख तिने ठरवला. गवत म्हणजे नुसता आडोसा नव्हे. ते या प्राण्याच्या प्रजननाचे साहित्य आहे. गवत नसेल त्या वर्षी वेत झाले तरी टिकायचे नाही.

17 जानेवारी

बारा महिन्यांची पट्टी मांडली. विण्याचा मुख्य काळ एप्रिल-मे. गाभणकाळ सुमारे 100 दिवस. मागे मोजत गेलो:

15 एप्रिलला विणारी मादी 5 जानेवारीच्या सुमारास लागलेली.
1 मेला विणारी 21 जानेवारीच्या सुमारास.
31 मेला विणारी 20 फेब्रुवारीच्या सुमारास.

(लीप वर्षात एक दिवस पुढे. शीटमध्ये तारखेतून थेट 100 वजा केले की हे आपोआप होते. महिने वजा करायचे नाहीत. ‘तीन महिने दहा दिवस’ असे सूत्र घातले तेव्हा फेब्रुवारी मध्ये आला की उत्तर सरकत होते.)

म्हणजे माजाचा आणि लागण्याचा काळ पौष-माघ, गाभणपण माघ ते चैत्र, विणे चैत्र-वैशाख. आपल्याकडच्या रानडुकराचा गाभणकाळ सुमारे 115 दिवसांचा. तो आकडा नजरचुकीने एका रकान्यात राहिला होता, त्यामुळे लागण्याच्या तारखा डिसेंबरच्या शेवटाकडे सरकल्या होत्या. दुरुस्त केले.

दुसरी चूक अधिक खोलवरची होती. पट्टीवर ‘पावसाच्या तोंडावर विणे’ असे लिहून पावसाचा निळा रंग 7 जूनपासून सुरू केला होता. हे महाराष्ट्राचे पंचांग झाले. आसामात मार्चच्या उत्तरार्धापासून वळवाचे पाऊस सुरू होतात. बोहाग बिहूच्या सुमारास, एप्रिलच्या मध्याला, वादळी सरी येतात. तिथे त्यांना ‘बरदोईशिला’ म्हणतात. एप्रिल-मेमध्ये ओली जमीन, नवे कोंब, मऊ माती, अळ्या-किडे-गांडुळे हे सगळे आलेले असते. दूध पाजणाऱ्या मादीला नेमके तेव्हा खाणे मिळते. पुराचे दिवस जून ते सप्टेंबर, तोवर पहिल्या वेतांची पिल्ले दीड-दोन महिन्यांची होऊन आईमागे धावू शकतात. निळा रंग आता दोन छटांत: मार्चअखेरपासून फिका, जूनपासून गडद.

21 जानेवारी

याच पट्टीवर वणव्याचा लाल रंग चढवला. हिमालयाच्या पायथ्याची ही उंच गवताची राने डिसेंबर ते मार्च जाळली जातात. कारणे वेगवेगळी: गुरांना कोवळा चारा मिळावा, घरे शाकारायचे गवत कापणे सोपे जावे, झाडोरा वाढू नये, आणि कुठे नुसती हातातून सुटलेली आग.

लाल पट्टी चढल्यावर तक्त्याकडे पाहून सगळे गप्प झाले. माज, लागणे, गाभणपण हे सगळे लाल रंगाखाली गेले. गाभण मादी धावण्यात मंद असते. गवत जळाले की लपायला जागा नाही, घरट्याला साहित्य नाही, शिकाऱ्याला आणि कुत्र्याला ती लांबून दिसते. फेब्रुवारी-मार्चची उशिराची आग सर्वांत वाईट, कारण तेव्हा गवत पूर्ण वाळलेले असते, ज्वाळा उंच जातात, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पुन्हा दाट होण्यासाठी चार-सहा आठवडेच उरतात. उलू गवताचे कोंब लवकर फुटतात, पण हातभर कोंबांचे छप्पर होत नाही.

या प्राण्याचा पुनर्शोधही आगीतूनच झाला. 1971 मध्ये, तो नामशेष झाला असे मानले जात असताना, आसामातल्या बोर्नदी अभयारण्याजवळच्या गवताळ रानातल्या आगीतून पळालेले काही प्राणी चहाच्या मळ्यात शिरले आणि सापडले. तक्त्याच्या कोपऱ्यात ही नोंद लाल पट्टीजवळच ठेवायची, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्हींचा संबंध लागेल.

आग पूर्ण बंद करणे हे उत्तर नाही, हेही लगेच लिहून ठेवले. कित्येक वर्षे आग आणि कापणी दोन्ही थांबली की गवतात झुडपे आणि झाडे शिरतात आणि रान गवताळ राहत नाही. प्रश्न किती, कुठे आणि कोणत्या महिन्यात, हा आहे.

27 जानेवारी

शीटचे सूत्र. फक्त माद्या मोजायच्या, आणि मोजणीची तारीख दरवर्षी विण्याच्या अगदी आधीची, 1 एप्रिल. तारीख एकदा ठरली की बदलायची नाही. मोजणी विण्यानंतर धरली तर पिल्लांचा तग (वर्षभरात जगून उरणाऱ्यांचे प्रमाण) दोनदा किंवा एकदाही न मोजला जाण्याची चूक होते. आमच्या पहिल्या शीटमध्ये ती दोनदा मोजला जाण्याची होती.

पुढच्या वर्षीच्या माद्या = यंदाच्या माद्या × [प्रौढ तग + (विण्याचे प्रमाण × वेतातील मादी-पिल्ले × पिल्लांचा तग)]

कंसातली एकूण बेरीज म्हणजे वाढीचा गुणक. एकाच्या वर असेल तर कळप वाढतो, खाली असेल तर घटतो. मादी-पिल्ले म्हणजे वेताचे निम्मे: तिनाच्या वेतात 1.5, चाराच्या वेतात 2. माद्या एक ते दोन वर्षांत वयात येतात, म्हणून एक वर्षाच्या सगळ्याच वितील असे धरायचे नाही. विण्याचे प्रमाण 0.8 घेतले, त्यात न विणाऱ्या तरुण माद्याही आल्या.

30 जानेवारी

सूत्राची परीक्षा बंदिस्त प्रजननाच्या आकड्यांवर. पिग्मी हॉग संवर्धन कार्यक्रम 1995 मध्ये सुरू झाला: आसाम वन विभाग, केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, ड्यूरेल हा वन्यजीव ट्रस्ट आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघाचा रानडुक्कर तज्ज्ञगट एकत्र. 1996 मध्ये आसामातल्या मानस राष्ट्रीय उद्यानातून सहा प्राणी, 2 नर आणि 4 माद्या, पकडून गुवाहाटीजवळच्या बसिष्ठ केंद्रात आणले. गाभण असताना पकडलेल्या माद्या तिथे व्यायल्या, आणि दोन वर्षांत संख्या सुमारे सहापट झाली.

आमचे गृहीतक: प्रौढ तग 0.9, सगळ्या माद्या वितात, चाराचे वेत, पिल्लांचा तग 0.7. गुणक 0.9 + 2 × 0.7 = 2.3. दोन वर्षांत 2.3 × 2.3 = 5.3 पट. सूत्र वाटेवर आहे.

खाणे, आडोसा आणि सुरक्षितता मिळाली की हा प्राणी भराभर वाढतो. पुढे केंद्राला जागेअभावी प्रजननावर लगाम घालावा लागला, संख्या सत्तरच्या आसपास राखली जाते. ‘दुर्मीळ आहे कारण पिल्ले कमी होतात’ हे वाक्य एका मसुद्यात होते, ते काढले.

5 फेब्रुवारी

आता रानातल्या ओळी. तीनचे वेत, विण्याचे प्रमाण 0.8, म्हणजे प्रत्येक मादीमागे 1.2 मादी-पिल्ले. हे सर्व ओळींत सारखे. बदलतो तो तग. हे आकडे मोजलेले नाहीत, गृहीत आहेत, आणि शीटमध्ये तसेच लिहिले आहे.

न जळालेले वर्ष: प्रौढ तग 0.7, पिल्लांचा 0.4. गुणक 0.7 + 0.48 = 1.18.
जळालेले वर्ष: प्रौढ 0.5, पिल्ले 0.2. गुणक 0.5 + 0.24 = 0.74.
‘सरासरी’ वर्ष: प्रौढ 0.6, पिल्ले 0.3. गुणक 0.6 + 0.36 = 0.96.

आठ माद्यांपासून दहा वर्षे: सगळी न जळालेली तर 42, सगळी ‘सरासरी’ तर 5.3, सगळी जळालेली तर 0.39, म्हणजे एकही नाही.

मग एक आड एक वर्ष आग लावून पाहिली. पाच वर्षे 1.18, पाच वर्षे 0.74. दोन्हींची सरासरी बरोबर 0.96 येते, म्हणून उत्तर 5.3 च्या जवळ येईल असे धरले होते. आले 4.06. सुरुवातीला सूत्रात चूक शोधत बसलो. चूक नव्हती. गुणक वर्षानुवर्षे एकमेकांत गुणले जातात, बेरजेत जात नाहीत: 1.18 × 0.74 = 0.873, आणि त्याचे वर्गमूळ 0.934. वाईट वर्षाचा घाव चांगले वर्ष पूर्ण भरून काढत नाही. ज्याला हा हिशेब करायचा असेल त्याने सरासरी तग कधीही घालू नये, चांगली आणि वाईट वर्षे वेगळीच ठेवावीत. शीटमधली ‘सरासरी’ ओळ काढली नाही, फक्त तिच्यासमोर इशारा लिहिला, कारण हीच चूक बाकीच्यांकडूनही होणार.

एका मादीच्या आयुष्याकडे वळलो. कैदेत हा प्राणी 10 ते 14 वर्षे जगतो. पण प्रौढ तग 0.6 असेल तर वयात आलेल्या मादीच्या वाट्याला सरासरी 1 ÷ 0.4 = 2.5 हंगाम येतात. त्यांतली 0.8 धरून दोन वेते, तीन मादी-पिल्ले, आणि त्यांतली टिकणारी 0.9. एका मादीमागे एकही मादी पुरती उरत नाही. तग 0.7 आणि 0.4 केला की 3.33 हंगाम, 2.67 वेते, चार मादी-पिल्ले, टिकणारी 1.6. वेत तेवढेच, तीनचे. फरक सगळा आईला आणखी एक उन्हाळा मिळतो की नाही आणि पिल्ले तगतात की नाही यात आहे.

10 फेब्रुवारी

‘0.39 मादी’ वाचणाऱ्याला चुकवते. पूर्णांकात खाली ओढले तर दरवर्षी माणसाने केलेल्या थोड्या घटीची भर पडते, वर ढकलले तर खोटी वाढ. उपाय: तिसरी शीट, तिथे प्रत्येक मादीसाठी यादृच्छिक संख्या काढून ती तगली की नाही ते ठरते, आणि प्रत्येक पिल्लासाठी नर की मादी. एफ-नाइन दाबला की नवे दशक.

लहान गटाचे धोके हातानेही मांडले, म्हणजे शीटवर आंधळा विश्वास नको. आठ माद्या, प्रत्येकीचा तग 0.5: दोन किंवा त्याहून कमी उरण्याची शक्यता 256 मध्ये 37, म्हणजे 14.5 टक्के. तग 0.7 असेल तर तीच शक्यता 1.1 टक्का. तिनाच्या वेतात तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक. एकाच मादीवर उभा असलेला कळप एवढ्यानेही संपतो.

यामुळेच प्राणी एकाच वर्षी, एकाच ठिकाणी सोडून भागत नाही. कार्यक्रमाने आसामातल्याच संरक्षित रानांत, सोनाई-रूपाईत 2008 ते 2010 मध्ये 35, ओरांगमध्ये 2011 ते 2015 मध्ये 59, मग बोर्नदीत 22 असे 116 सोडले, आणि 2020 पासून मानसमध्ये. वर्षे पसरली की एकाच वाईट उन्हाळ्यात सगळे जात नाही. तक्त्याच्या तळाला या चार जागांचा छोटा नकाशा.

14 फेब्रुवारी

आगीचे वेळापत्रक शीटमध्ये. हा भाग सर्वांत उपयोगी ठरेल असे वाटते, म्हणून दिवसभर यावरच.

पहिला पर्याय: सगळे रान दर तिसऱ्या वर्षी जाळणे. 1.18 × 1.18 × 0.74 = 1.030. तीन वर्षांत तीन टक्के वाढ, म्हणजे वर्षाला एक.

दुसरा पर्याय: रानाचे तीन तुकडे, दरवर्षी एकच जाळायचा. प्रत्येक वर्षी (1.18 + 1.18 + 0.74) ÷ 3 = 1.033. नऊ वर्षांनी पहिल्या पर्यायात 1.09 पट, दुसऱ्यात 1.34 पट. जळणारे क्षेत्र दोन्हींत तेवढेच.

दुसऱ्या पर्यायाला अटी आहेत आणि त्या वगळल्या तर आकडा फोल ठरतो. तुकडे एकमेकांना लागून हवेत, नाहीतर जळणाऱ्या तुकड्यातली मादी दुसऱ्यात पोचत नाही. एका बाजूने पेटवत जायचे, चारी बाजूंनी घेरून नाही. मध्ये जाळरेषा (आग अडवणारा गवत काढलेला पट्टा) आधी काढून ठेवायची, कारण वारा सुटला की तिन्ही तुकडे एकाच दुपारी जातात आणि हिशेब सरळ 0.74 वर येतो. आणि आग डिसेंबरातच उरकायची. तेव्हा गवताच्या बुडात ओल असते, ज्वाळा बुटक्या राहतात, रान ठिपक्या-ठिपक्यांनी जळते, आणि विण्यापर्यंत साडेतीन-चार महिने मिळतात.

वेताची शक्ती तपासायला एक ओळ घातली: ‘सरासरी’ ओळीत तिनाऐवजी चारचे वेत. 0.6 + 0.8 × 2 × 0.3 = 1.08. आकडा मोठा दिसतो, आणि तसाच मांडायचा. पण वेत तीनचे की चारचे हे माणसाच्या हातात नाही. गवत आहे.

20 फेब्रुवारी

रक्तसंबंधांचा रकाना. सहा मूळ प्राण्यांत रानातल्या जनुकीय विविधतेपैकी 1 − 1/12, म्हणजे 91.7 टक्के येते. हा कागदावरचा वरचा आकडा, कारण सहाही प्राणी एकमेकांचे नातलग नाहीत आणि सगळ्यांची संतती सारखी झाली असे त्यात धरले जाते. पुढे प्रत्येक पिढीत 1 ÷ (2 × परिणामी संख्या) एवढी घट. परिणामी संख्या म्हणजे पुढच्या पिढीला जनुके खरोखर किती प्राण्यांकडून जातात त्याचे माप. परिणामी संख्या 20 धरली तर दहा पिढ्यांत 0.975 चा दहावा घात, 0.776. एकूण 71 टक्के.

इथे शिरगणती फसवते. केंद्रात सत्तर प्राणी आहेत म्हणून परिणामी संख्या सत्तर होत नाही. एकाच नराने अर्धी पिल्ले दिली तर ती झपाट्याने खाली येते. म्हणून वंशावळीच्या वहीत प्रत्येक प्राण्याचा इतर सगळ्यांशी सरासरी नातेसंबंध काढतात आणि ज्याचा सर्वांत कमी, त्याला जोडीसाठी पुढे आणतात. सर्वांत धष्टपुष्ट किंवा सर्वांत लवकर माजावर येणारी मादी निवडली की कैदेत सोपे जाणारे गुण वाढतात, रानात ते उपयोगी पडतीलच असे नाही.

एक छोटी नोंद याच पानावर: हेमॅटोपिनस ऑलिव्हेरी ही ऊ फक्त पिग्मी हॉगच्या अंगावर जगते. तिचे शास्त्रीय वर्णन 1978 चे. तिचा जीवनक्रम पूर्णपणे याच प्राण्याच्या वर्षावर टांगलेला आहे. तक्त्यात तिला जागा द्यायचीच.

24 फेब्रुवारी

सोडण्याआधीच्या टप्प्याची पट्टी. नामेरीजवळच्या पोटासालीला मोठ्या, नैसर्गिक गवताच्या कुंपणांत प्राण्यांना सुमारे पाच महिने गटाने ठेवतात, माणसाचा संपर्क कमीत कमी. स्वतः उकरून खाणे, घरटे बांधणे, चाहूल लागताच गवतात घुसणे हे तिथे पक्के होते. मग सोडायच्या जागी विजेच्या तारेच्या तात्पुरत्या कुंपणात थोडे दिवस, आणि मग कुंपण उघडायचे. गट एकमेकांना ओळखणारा हवा. रानात एक-दोन प्रौढ माद्या आणि त्यांची पिल्ले असे चार-सहाचे कळप असतात, नर वर्षातला बराच काळ एकटे.

सोडलेला प्राणी व्याला की नाही हे कळणे अवघड. गळ्यात पट्टा टिकत नाही: डुकराची मान डोक्याकडे निमुळती, पट्टा घसरून निघतो. छातीभोवतीचा पट्टा कातडी घासतो, वाढत्या प्राण्याला तर काचतो. मग उरतात घरटी, पावलांचे ठसे आणि कॅमेरा ट्रॅप. इथली नेहमीची चूक म्हणजे रानडुकराचे पिल्लू पिग्मी हॉग म्हणून मोजणे. तपासायचा क्रम: आधी शेपूट (रानडुकराच्या पिल्लाची लांब आणि झुपकेदार, याची नुसती गाठ), मग सोबतचे प्राणी, मग तारीख. जुलैत पट्टेदार, मांजराएवढे आणि शेजारी गुडघ्याच्या वर येणारी आई असेल तर ते रानडुक्करच.

रोगांचा रकाना: आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये आसामच्या पाळीव डुकरांत पोचला. त्यावर उपचार नाहीत आणि विषाणू मांसात, खाद्यात, बुटांच्या चिखलात टिकतो. प्रजनन केंद्रासाठी याचा अर्थ: दारात पाय बुडवायचे जंतुनाशक, ते चिखलाने गढूळ झाले की लगेच बदलणे (गढूळ पाण्यात औषधाचा गुण राहत नाही), बूट-कपडे केंद्रातलेच, घरी डुकरे पाळणाऱ्याला आतली कामे नाहीत, आणि खाद्यात डुकराच्या मांसाचा अंशही नाही. शीटमध्ये ‘रोगाचे वर्ष’ ठेवले आहे, त्यात केंद्राची ओळ शून्य होते. त्यासाठीच प्राणी दोन केंद्रांत विभागून ठेवायचे.

3 मार्च

छपाईपूर्व तपासणी. दर्जाची ओळ: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, आणि आययूसीएनच्या यादीत 2019 पासून ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’. धोक्याचा दर्जा एक पायरी खाली का आला तेही दोन शब्दांत: सोडलेल्या प्राण्यांमुळे जागा वाढल्या.

छापील नमुन्यात वणव्याची लाल पट्टी आणि गाभणपणाची केशरी पट्टी एकमेकांत मिसळल्या. रंगांधळ्या वाचकाला त्या वेगळ्या दिसणारच नाहीत. लाल पट्टीवर तिरप्या रेघा टाकल्या, गाभणपणाची पट्टी साधी ठेवली. 100 दिवसांचा बाण 21 जानेवारी ते 1 मे असा नेमका बसतो का ते पट्टीने मोजले: दीड मिलिमीटर पुढे सरकला होता, म्हणजे जवळपास एक दिवस. दुरुस्त फाइल छापखान्याकडे पाठवली. घरट्याचे चित्र पानाच्या मध्यभागी, एप्रिलच्या वर.